लँबो फील्डवरची प्रीसीझनची शेवटची मॅच: चौथा क्वार्टर सुटेपर्यंत जागेवरून उठू नका

आधी निकाल सांगते मग बाकीचं. ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या होम ग्राउंडवर म्हणजे लँबो फील्डवर ऑगस्टमध्ये प्रीसीझनची, म्हणजे खरा सीझन सुरू व्हायच्या आधीची सरावाची मॅच बघायला मिळत असेल तर डोळे झाकून तिकीट काढा, आणि चॉईस असेल तर पहिली नको, शेवटची घ्या. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच, त्यात ग्राउंडचा काही दोष नाही.

आम्ही मिलवॉकीच्या बाजूला राहतो, आय-४३ हायवेने वर गेलं की साधारण दोन तासात ग्रीन बे. इतक्या जवळ राहून पण पहिली काही वर्षं आम्ही लँबोला गेलोच नव्हतो कारण सीझनची तिकिटं मिळणं अशक्य, सीझन तिकिटाची वेटिंग लिस्ट लाखाच्या वर नावांची आहे आणि लोक मूल जन्मलं की त्याचं नाव लिस्टमध्ये टाकतात. रिसेलवर घ्यायला जावं तर चौघांच्या तिकिटात महिन्याचा किराणा होतो. मग नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने सांगितलं की प्रीसीझन बघा ना, सीझन तिकीटवाल्यांना ती तिकिटं पॅकेजमध्ये घ्यावीच लागतात आणि बऱ्याच जणांना जायचं नसतं, म्हणून स्वस्तात सोडून देतात. तर असं आम्ही पहिल्यांदा गेलो, फक्त स्टेडियम बघायला. मॅचचा निकाल कुठल्याही टेबलात धरत नाहीत, मोठे खेळाडू सुरुवातीचे थोडेच प्ले खेळून टोपी घालून साइडलाइनला उभे राहतात किंवा उतरतच नाहीत, बरोबरी झाली तर ओव्हरटाइमसुद्धा नसतो, २०२१ पासून काढूनच टाकलाय. त्यामुळे आमची अपेक्षा शून्य होती.

आणि तिथे माझ्या शेजारी बाकावर एक आजी बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या असतील, गळ्यात दुर्बीण, मांडीवर छापलेला रोस्टरचा म्हणजे खेळाडूंच्या यादीचा कागद आणि हातात पेन्सिल. कागदावर काही नावांभोवती गोल काढलेले. मी विचारलं हे काय, तर म्हणाल्या ही सगळी मुलं ड्राफ्टमध्ये कुणी घेतलेली नाहीत, मी फक्त यांनाच बघायला येते. मग पूर्ण मॅचभर त्यांनी मला शिकवलं आणि मी आज जे काही बघते ते त्यांच्या पेन्सिलीमुळे बघते.

ज्यांना ड्राफ्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंना एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचे ३२ संघ दरवर्षी एप्रिलमध्ये पाळीपाळीने निवडतात, सात राउंड, एकूण साधारण अडीचशेच्या वर नावं (२०२५ ला २५७ होती). आयपीएलच्या ऑक्शनला अनसोल्ड राहतात ना तसं इथे उरलेले ते अनड्राफ्टेड. फरक एवढाच की इथे अनसोल्डची गोष्ट तिथेच संपत नाही, सातवा राउंड संपायच्या आतच एजंटांचे फोन वाजायला लागतात आणि पुढच्या काही तासात प्रत्येक संघ अशी दहा-पंधरा-वीस मुलं सही करून घेतो. उलट एजंट लोक म्हणतात की सातव्या राउंडच्या शेवटी निवडलं जाण्यापेक्षा न निवडलेलं बरं, कारण मग ज्या संघात तुमच्या पोझिशनला गर्दी कमी आहे तिथे तुम्हाला स्वतः जाता येतं. कॉन्ट्रॅक्ट चारऐवजी तीन वर्षांचं, हातात येणारा बोनस थोडासा कारण प्रत्येक संघाला त्यासाठी ठराविक रकमेचीच मर्यादा असते, आणि जागेची खात्री अजिबात नाही. ऑगस्टमध्ये एका संघात ९० जण असतात. सीझन सुरू व्हायच्या आत ५३ करायचे. म्हणजे एका संघातून ३७ बाहेर, ३२ संघ धरले तर ११८४ माणसं, आणि २०२३ पासून ही कपात टप्प्याटप्प्याने न होता एकाच मंगळवारी दुपारी होते. आमची शेवटची प्रीसीझन मॅच असते ती त्या मंगळवारच्या आधी दोन-चार दिवस.

म्हणजे तुम्ही तिकीट काढून जे बघता तो नोकरीचा शेवटचा इंटरव्ह्यू असतो, लाइव्ह, ऐंशी हजारांच्या ग्राउंडवर.

हे एकदा डोक्यात बसलं की मॅच पूर्ण बदलते. पहिला क्वार्टर मी आता चक्क चीज कर्ड्सच्या लाइनीत काढते (व्हेज खाणाऱ्यांनी हेच घ्यावं, गरम असतानाच, गार झालं की रबर होतं). दुसऱ्या क्वार्टरच्या मध्यापासून बसायचं. तिसऱ्या क्वार्टरला आजूबाजूची मंडळी उठायला लागतात, पार्किंगची गर्दी टाळायची असते त्यांना, आणि चौथा सुरू होतो तेव्हा अर्धे बाक रिकामे. २०२४ ला डेट्रॉइटमध्ये ड्राफ्ट बघायला तीन दिवसात पावणेआठ लाखांच्या वर लोक आले होते, नाव पुकारल्यावर पोरगं स्टेजवर येतं, टोपी घालतं, फोटो. आणि ज्यांचं नाव पुकारलं नाही ती पोरं जेव्हा जीव तोडून पळतात तेव्हा बघायला कोण तर आजी, मी आणि काही हजार. मला याचं खरंच वाईट वाटतं. म्हणूनच एवढं लांबलचक लिहितेय.

कुठे बघायचं ते सांगते. बॉलकडे बघू नका. विशेषतः पंट आणि किकऑफच्या वेळी. पंट म्हणजे बॉल लांब लाथेने मारून दुसऱ्या संघाला देतात तो प्रकार, त्यात दोन्ही टोकांना एकेक जण असतो, गनर म्हणतात त्याला, त्याचं काम सुसाट पळत जाऊन झेलणाऱ्याला तिथल्या तिथे पाडायचं. त्याला अडवायला बऱ्याचदा दोघं असतात. अनड्राफ्टेड मुलाची नोकरी जास्त करून इथे ठरते, कारण संघातला पाचवा रिसीव्हर (पास झेलणारा) किंवा सहावा कॉर्नरबॅक (त्याला अडवणारा) जर पंटवर उपयोगाचा नसेल तर त्याला जागा अडवून कशाला ठेवतील. आजी म्हणाल्या होत्या, "अगं बॉल कोण झेलतंय ते टीव्हीवर पण दिसतं, इथं आलीस तर पळतंय कोण ते बघ." टीव्हीचा कॅमेरा बॉलमागे जातो हे अगदी खरं. त्यामुळे सीट वरच्या रांगेतली घ्या, खालची महाग सीट घेऊन उपयोग नाही, तिथून फक्त पाठी दिसतात. वरून बावीसच्या बावीस माणसं दिसतात आणि कोण आधी पोचलं ते कळतं.

अजून एक गंमत, ९० जणांमुळे नंबर पुरत नाहीत, म्हणून एकाच संघात एकाच नंबरचे दोघं असू शकतात, एक ऑफेन्सचा एक डिफेन्सचा. रोस्टरची प्रिंट घरूनच काढून न्या नाहीतर भलत्याच पोरासाठी ओरडत बसाल.

अनड्राफ्टेड मुलं ड्राफ्टमध्ये का सुटतात हे पण आजींनीच समजावलं. उंची कमी पडते. कॉलेज लहान असतं, डिव्हिजन टू म्हणजे खालच्या पातळीचं वगैरे, तिथल्या मॅचचा दर्जा किती धरायचा हे स्काउटला, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्याला, कळत नाही. इंडियानापोलिसला फेब्रुवारीच्या शेवटी कम्बाइन म्हणजे ड्राफ्टआधीची चाचणी असते तिथे तीनशे-सव्वातीनशे मुलांनाच बोलावतात, त्या यादीत नाव नसेल तर अर्धी लढाई तिथेच गेली. चाळीस यार्ड पळायला एक-दोन दशांश सेकंद जास्त लागले. दुखापत झाली. कॉलेजात एका पोझिशनला खेळला आणि एनएफएलमध्ये ती पोझिशन त्याच्या अंगाला बसत नाही. यातल्या एकाही कारणात "खेळता येत नाही" हे कारण नाहीये, नीट बघा.

आयव्हन पेस ज्युनियरचं उदाहरण घ्या. सिनसिनाटी युनिव्हर्सिटीचा लाइनबॅकर (डिफेन्सचा खेळाडू), २०२२ ला एकमताने ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या सगळ्या मोठ्या याद्यांनी त्याला पहिल्या संघात घेतलेलं. उंची पाच फूट दहा इंच. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये २५९ नावं पुकारली गेली आणि त्यात हा नाही! मिनेसोटा व्हायकिंग्सने उचलला, पहिल्याच सीझनला शंभराच्या वर टॅकल (समोरच्याला पकडून पाडणं), आणि त्या डिसेंबरमध्ये लास वेगासला ३-० अशी विचित्र स्कोअरची मॅच झाली होती ती शेवटी यानेच इंटरसेप्शन घेऊन, म्हणजे समोरच्यांचा पास मधेच पकडून, संपवली. व्हायकिंग्स आमचे कट्टर शत्रू, तरी हे लिहिताना मला बरं वाटतंय.

त्याच वर्षीचा टायसन बेजंट, वेस्ट व्हर्जिनियातल्या शेपर्ड नावाच्या डिव्हिजन टू कॉलेजचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू), कॉलेजात १५९ टचडाउन पास (गोलसारखे गुण मिळवून देणारे) टाकलेले, एनसीएए म्हणजे कॉलेज खेळांच्या संघटनेच्या सगळ्या डिव्हिजन धरून तो विक्रम होता, ड्राफ्टमध्ये कुणी विचारलं नाही. शिकागो बेअर्सने घेतला, प्रीसीझनमध्ये इतका शांतपणे खेळला की त्याला ठेवावाच लागला, ऑक्टोबरमध्ये मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाल्यावर सुरुवातीपासून उतरला आणि पहिलीच मॅच ३०-१२ ने जिंकला. आणि झेव्हियर गिप्सन, स्टीफन एफ. ऑस्टिन कॉलेजचा, न्यूयॉर्क जेट्सकडून पहिलीच मॅच, ओव्हरटाइममध्ये पंट झेलून ६५ यार्ड पळत जाऊन मॅच संपवली. त्या रात्रीची आठवण लोकांना जेट्सचा स्टार क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सच्या ॲकिलीसची (टाचेमागची शीर) आहे, चौथ्या स्नॅपला म्हणजे चौथ्याच प्लेला तो जखमी होऊन बाहेर गेला म्हणून. मला गिप्सनची आहे. ब्रँडन ऑब्रीचं तर वेगळंच, तो मुळात सॉकरवाला, एमएलएस या सॉकर लीगच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला, मग सॉफ्टवेअरची नोकरी, मग यूएसएफएल नावाच्या छोट्या लीगमध्ये किकर, आणि २०२३ ला डॅलस काउबॉयजने घेतल्यावर करिअरचे पहिले सलग ३५ फील्ड गोल एकही न चुकवता मारले.

आता आपल्या पॅकर्सचा. इमॅन्युएल विल्सन. जॉर्जियातल्या फोर्ट व्हॅली स्टेट कॉलेजचा रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा), हेही डिव्हिजन टू. २०२३ ला ड्राफ्ट नाही, डेन्व्हरने आधी घेतला आणि कॅम्पच्या आधीच सोडला, मग ग्रीन बेने घेतला. पहिली प्रीसीझन मॅच सिनसिनाटीत होती, त्यात १११ यार्ड, त्यातला एक ८० यार्डांचा टचडाउन. मी घरी स्वयंपाक करता करता बघत होते, हातातली पळी तशीच राहिली. त्या मंगळवारी ५३ मध्ये नाव आलं आणि पुढच्या वर्षी तो रेग्युलर सीझनमध्ये नियमित खेळत होता. ज्यांनी ती मॅच "प्रीसीझनच तर आहे" म्हणून बघितली नाही त्यांचं काय गेलं ते त्यांनाच माहीत.

आणि ज्या ग्राउंडवर तुम्ही बसलेले असता ना त्याचा याबाबतीतला इतिहास पण साधा नाही. विली वूड. १९६० साली ड्राफ्ट सात नाही तर वीस राउंडांचा होता, वीस! तरी यूएससी कॉलेजच्या या पोराला कुणी घेतलं नाही. कॉलेजात क्वार्टरबॅक, कृष्णवर्णीय, उंची पाच-दहा, खांद्याला दुखापत होऊन गेलेली. त्याने स्वतः संघांना पत्रं पाठवली की मला एकदा बघा तरी. ग्रीन बेचा कोच विन्स लोम्बार्डीने बोलावलं, सेफ्टी (डिफेन्समध्ये सगळ्यात मागचा) म्हणून घेतला, त्या संघाने पाच चॅम्पियनशिप जिंकल्या, पहिल्या सुपर बोलमध्ये म्हणजे फायनलमध्ये त्याने इंटरसेप्शन घेऊन ५० यार्ड आणलेला बॉल हा त्या मॅचचा टर्निंग पॉइंट समजतात, आणि १९८९ ला हॉल ऑफ फेम. टपालाचा खर्च करून मिळवलेली नोकरी आहे ही.

२०१० सालचा सुपर बोल जिंकलेला संघ बघा. फिलाडेल्फियातल्या प्लेऑफमध्ये शेवटच्या मिनिटाला एंड झोनमध्ये समोरचा क्वार्टरबॅक मायकल व्हिकचा बॉल पकडला तो ट्रेमन विल्यम्स, अनड्राफ्टेड, ह्यूस्टनने सोडलेला, कॉलेजात सुद्धा स्कॉलरशिपशिवाय आत शिरलेला. त्यानंतर दोन आठवड्यांनी शिकागोत बेअर्सविरुद्ध दोन इंटरसेप्शन घेतले, दुसऱ्याने मॅच संपली, तो सॅम शील्ड्स, अनड्राफ्टेड, आणि तो तर रूकी म्हणजे पहिल्याच वर्षाचा होता. याच्या उलट पण झालंय. १९९४ ला क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर इथेच कॅम्पला होता, नॉर्दर्न आयोवाचा, समोर ब्रेट फार्व्ह आणि अजून दोघं, संघाने सोडला. मग सुपरमार्केटमध्ये रात्री मालाचे खोके लावत होता साडेपाच डॉलर तासाने, नंतर अरीना फुटबॉल, मग युरोप, आणि १९९९ ला सेंट लुईसकडून लीगचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) आणि सुपर बोलचा पण एमव्हीपी. २०१७ ला हॉल ऑफ फेम. पॅकर्सला मी दोष देत नाही, चारातून तीन निवडायचे असतात तेव्हा एक जातोच. पण ऑगस्टमध्ये त्या बाकावर बसून एखादा चौथ्या नंबरचा क्वार्टरबॅक वॉर्म अप करताना दिसला की मला दर वेळी हेच आठवतं.

बरं, आता कॅम्पबद्दल, कारण मॅचचा खरा स्वाद घ्यायचा तर आधी एकदा ट्रेनिंग कॅम्पच्या प्रॅक्टिसला जाऊन या. फुकट असते. स्टेडियमसमोरचा ओनायडा रस्ता ओलांडला की रे निट्श्की फील्ड, तिथे लोकांना बसायला स्टँड आहेत, कधी आहे ते आधी शेड्यूलमध्ये बघून जा कारण सगळ्या प्रॅक्टिस उघड्या नसतात. आणि इथली कित्येक दशकांची प्रथा अशी की खेळाडू लॉकर रूममधून प्रॅक्टिसला लहान मुलांच्या सायकलींवरून जातात, आणि सायकलवालं मूल शेजारून त्यांचं हेल्मेट घेऊन पळतं. हे बघायला मिळणं म्हणजे एकदम भारी, जगात दुसरीकडे कुठे असं असेल असं मला वाटत नाही.

माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. सकाळी सातला सायकल घेऊन रांगेत. मोठी नावं बाहेर आली, त्यांची मुलं ठरलेली असतात, वर्षानुवर्षं एकच मूल घेतात काही जण. हा उभाच. मग अगदी शेवटी शेवटी एक पोरगा आला, नंबर ऐंशीच्या पुढचा, चेहरा कोणाच्याच ओळखीचा नाही, त्याने इकडे तिकडे बघितलं आणि आमच्याकडे येऊन विचारलं, "तुझी सायकल घेऊ का रे?" सहा फुटाच्या वरचा माणूस त्या छोट्या सायकलवर गुडघे कानापर्यंत घेऊन बसला आणि माझा मुलगा हेल्मेट छातीशी धरून शेजारून पळाला. वाटेत काय बोललात विचारलं तर म्हणाला, "आई, त्याने माझं नाव विचारलं आणि स्पेलिंग पण विचारलं."

घरी येऊन बघितलं, अनड्राफ्टेड. रिसीव्हर. नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये.

त्या वर्षीची शेवटची प्रीसीझन मॅच आम्ही फक्त त्याच्यासाठी बघितली. पहिल्या हाफमध्ये उतरलाच नाही. तिसऱ्या क्वार्टरला पंटवर गनर म्हणून आला, पहिल्या वेळी दोघांनी मिळून त्याला बाहेर ढकलला, दुसऱ्या वेळी सुटला आणि झेलणारा बॉल धरतोय तोवर हा तिथे, धाडकन पाडला. आमच्या आसपास टाळ्या वाजवणारे आम्हीच चौघं आणि मागे एक काका. चौथ्या क्वार्टरमध्ये दोन कॅच, लहान लहान, आणि एक बॉल जो त्याला पकडायला हवा होता, छातीवर आला होता, सुटला. मॅच संपल्यावर बाकीचे सगळे हसत हात मिळवत होते आणि तो पन्नास यार्डाच्या रेषेजवळ बराच वेळ एकटा उभा होता. मुलगा मला म्हणाला तो एक बॉल सोडला म्हणून काढतील का गं त्याला. मी काय सांगणार.

मंगळवारी कट झाला. यादी येते दुपारी, तीनच्या सुमारास इथल्या वेळेनुसार. आत काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, संघाचा एक माणूस येतो आणि सांगतो साहेबांनी बोलावलंय, प्लेबुक (डावपेचांची वही) घेऊन ये, हल्ली प्लेबुक म्हणजे आयपॅड. त्यानंतर नवीन खेळाडू एक दिवस वेव्हर्सवर असतो, म्हणजे बाकीच्या ३१ संघांपैकी कुणीही उचलू शकतं, कुणी नाही उचललं तर त्याचाच किंवा दुसरा संघ प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये म्हणजे सरावापुरत्या राखीव गटात घेऊ शकतो. तिथे १६ जागा. पगाराचा हिशेब पण सांगते म्हणजे कळेल त्या एका सुटलेल्या बॉलची किंमत काय असते: २०२५ ला ५३ मधल्या नव्या खेळाडूचा किमान पगार वर्षाला ८ लाख ४० हजार डॉलर, प्रॅक्टिस स्क्वॉडवर कमीत कमी आठवड्याला १३ हजार, ते पण जेवढे आठवडे ठेवतील तेवढेच, आणि दोन्हीकडे नाव नसेल तर सीझनचा चेक सुरूच होत नाही. कॅम्पमध्ये मिळतो तो नुसता आठवड्याचा भत्ता.

आमच्या त्या सायकलवाल्या रिसीव्हरला पॅकर्सने प्रॅक्टिस स्क्वॉडला घेतलं नाही. ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या एका संघाने घेतलं, तीन आठवड्यांनी सोडलं, डिसेंबरमध्ये परत घेतलं. हे मला माझ्या मुलाकडून कळतं, तो रोज रात्री ट्रान्झॅक्शनची यादी बघतो, त्या लांबलचक बारीक अक्षरातल्या यादीत त्याला एकच नाव शोधायचं असतं.

आता काम की बात, जाणार असाल तर.

तिकिटं मोबाइलवरच असतात, कागद चालत नाही, फोन चार्ज करून न्या. बॅग पारदर्शकच लागते, नाहीतर परत गाडीत ठेवायला पाठवतात. बाक ॲल्युमिनियमचे आहेत, बहुतेक सगळीकडे पाठ टेकायला काही नाही, दुपारची मॅच असेल तर तापतात, म्हणून चपटी उशी न्या, आणि आमच्यासारखं चौथ्या क्वार्टरपर्यंत बसायचं असेल तर उशी विसरूच नका. पार्किंगला स्टेडियमच्या लॉटपेक्षा आजूबाजूच्या घरांच्या लॉनवर गाडी लावा, घरमालक स्वतः पाटी घेऊन उभे असतात, पैसे घेतात, मॅचनंतर पटकन निघता येतं, आणि आम्ही लावतो तिथले काका तर लेमोनेड पण देतात. मुलं बरोबर असतील तर समोरच टायटलटाउनमध्ये खेळायला मोकळं मैदान आणि झोपाळे वगैरे आहेत, मॅचच्या आधी दोन तास तिथे आरामात जातात.

अर्धा पॉइंट कापला तो तिकीट रिसेलच्या एका ॲपमुळे. बावीस डॉलरचं तिकीट म्हणून दाखवलं आणि पैसे भरायच्या शेवटच्या स्क्रीनवर फी धरून ते चौतीस झालं, चार तिकिटांवर तो फरक जाणवतो. आधीच पूर्ण रक्कम दाखवायची ना (मे २०२५ पासून तशी दाखवावीच लागते, तेव्हा नव्हतं). दुसऱ्या वर्षी मी फीसकट किंमत दाखवायचं सेटिंग आधी शोधून ठेवलं. तरी एवढं सगळं धरून रेग्युलर सीझनच्या एका तिकिटात आमचं पूर्ण कुटुंब बघून येतं.

कुणी म्हणेल की खेळाचा दर्जा कमी असतो. असतो, खोटं कशाला बोलू. पेनल्टी जास्त, पास चुकतात, प्ले अगदी साधे ठेवतात कारण पुढच्या प्रतिस्पर्ध्यांना काही दाखवायचं नसतं. ज्यांना सुंदर सफाईदार फुटबॉल बघायचा आहे त्यांनी ऑक्टोबरमध्ये टीव्हीवर बघावं. पण एक अख्खा हाफ प्रत्येक स्नॅपला प्रत्येक माणूस जीव ओतून खेळतोय, स्कोअर ३१-१० असला तरी, हे मला रेग्युलर सीझनमध्ये कधी दिसलेलं नाही. तिथे हरणारा संघ शेवटी शेवटी सैल पडतो. इथे सैल पडणं परवडत नाही.

आजी मागच्या दोन वर्षांत भेटल्या नाहीत. मी त्याच सेक्शनची तिकिटं घेते आणि आत गेल्यावर पहिल्यांदा ती रांग बघते. पेन्सिल मात्र आता माझ्याकडे असते, आणि कागदावर गोल काढायचं काम मुलाकडे.

सीझनचं शेड्यूल मे महिन्यात येईल तेव्हा प्रीसीझनच्या तारखा बघून लगेच रजा टाकायची आहे. मुलाची ती सायकल आता त्याला लहान व्हायला लागलीय, नवरा म्हणाला या वाढदिवसाला नवी घेऊया, तर तो नको म्हणतोय, कॅम्प होऊ दे मग घेऊ, उंच सायकल असली तर ते लोक घेणार नाहीत.